रासायनिक बदल मागे फिरतो की नाही? (मोरचूद, चुना आणि कापलेला एक मार्क)

दहावीची_आई

लेक दहावीला आहे. परवा विज्ञानाच्या चाचणीचा पेपर घरी आला. प्रश्न नेहमीचाच, भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतला फरक. तिने लिहिलं होतं, 'रासायनिक बदल बहुधा अपरिवर्तनीय असतात, पण सगळे नाहीत. उदा. मोरचूद तापवलं की पांढरं होतं, पाणी घातलं की परत निळं.' बाईंनी 'पण सगळे नाहीत' याच्याखाली लाल रेघ मारली, एक मार्क कापला आणि शेरा लिहिला: रासायनिक बदल अपरिवर्तनीयच.

मार्काचं दुःख नाही. (खोटं. थोडं आहे.) पण पोरगी हट्टाला पेटली आणि घरीच करून बघितलं. एका जुन्या स्टीलच्या डावात मोरचुदाचे चार-पाच खडे घेऊन गॅसवर धरले. तो डाव आता स्वयंपाकातून बाद केलाय, उगाच ओरडू नका. खडे तडतडले, वाफ निघाली, कडेपासून निळा रंग उतरत गेला आणि शेवटी मैद्यासारखी भुकटी राहिली. पूर्ण गार होऊ दिली. मग ड्रॉपरने नळाचं पाणी घातलं. चर्र झालं, भुकटी निळी झाली, आणि डावाच्या बुडाला हात लावला तर चटका!

आता माझे प्रश्न. डाव गार, पाणी गार, गॅस बंद. मग चटका आला कुठून? दुसरं, ज्योतीच्या बरोबर वर असलेला थोडासा भाग काळा पडला होता, तो कितीही पाणी घातलं तरी निळा झाला नाही. तो का रुसला? आणि तिसरं, बाई बरोबर की लेक?

आगाऊ_कार्टं

कापलेला मार्क हा मात्र शंभर टक्के अपरिवर्तनीय बदल आहे, अनुभवाने सांगतो.
फुटाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

खडूफळा

ताई, लेकीला शाबासकी सांगा. तीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, अशी शंका काढणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

चटक्याचं आधी. निळ्या मोरचुदात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक घटकाबरोबर पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. ते सोडवायला उष्णता लागते, ती तुमच्या गॅसने दिली. तेच पाणी परत जाऊन बसलं की ती उष्णता बाहेर पडते. पहिली अभिक्रिया उष्माग्राही, उलटी उष्मादायी. घेतलेलं परत केलं, एवढंच.

आकडे देतो, कारण यात एक गंमत आहे. एक मोल (रेणू मोजायचं रसायनशास्त्रातलं ठरलेलं माप) मोरचूद म्हणजे जवळजवळ बरोब्बर पाव किलो. तेवढ्यातलं सगळं पाणी वाफ करून घालवायला साधारण ३०० किलोज्यूल लागतात. पण पांढऱ्या भुकटीवर पाणी घातलंत की परत मिळतात फक्त ७८ च्या आसपास. बाकीचे २२० कुठे गेले? पाचही मोल पाण्याची वाफ करण्यात. ती वाफ खिडकीतून गेली, तिच्याबरोबर तेवढी उष्णताही गेली. तुम्ही परत घातलंत ते नळाचं पाणी. त्याऐवजी वाफ सोडली असतीत तर पूर्ण ३०० परत आले असते आणि चटक्याऐवजी फोड आला असता. म्हणजे हिशेब चोख आहे, फक्त कुठल्या रूपात गेलं आणि कुठल्या रूपात आलं ते बघायला हवं.

काळा भाग: तिथे तापमान फार वाढलं आणि सल्फेटच फुटलं. मागे उरलं ते काळं कॉपर ऑक्साइड, आणि गंधकाचा ऑक्साइड वायू होऊन उडाला. पाणी घालून तो वायू परत कसा येणार? हा वायू घशाला आणि डोळ्यांना वाईट असतो, तेव्हा पुढच्या वेळी मंद आच आणि उघडी खिडकी. मोरचूद पोटात गेलं तर विष आहे, हात धुवा.

तिसऱ्या प्रश्नावर नंतर येतो. बाईंची बाजूही थोडी आहे.

तासगावकर_बाग

मोरचूद म्हटल्यावर आम्हाला राहवत नाही. द्राक्षबागेत बुरशीवर फवारायला बोर्डो मिश्रण करतो, एक टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या बॅरलमध्ये रात्रभर भिजत, चुना वेगळा विरवायचा. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की काय उकळतो ते बघायला पाहिजे, खाली जाळ नाही आणि वर रटरट. आमचे वडील सांगायचे, चुन्याचं पाणी निवल्याशिवाय मोरचुदात ओतायचं नाही, मिश्रण बिघडतं.

तयार झाल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, अजून चुना घाला. नाहीतर पानं करपतात.

मास्तर, विळ्यावर चढलेलं तांबं परत पाण्यात जातं का हो आपणहून? मी तर कधी बघितलं नाही.

खडूफळा

आपणहून नाही. लोखंडाने तांब्याला बाहेर काढलं, तो चांगला उताराचा रस्ता आहे. उलटं न्यायचं तर बाहेरून वीज घालावी लागते. तुमचा प्रश्न फार मोक्याचा आहे, लक्षात ठेवा, पुढे बॅटरी आली की कामाला येईल.

शंकासुर

हे सगळं पाणी काढणं-घालणं झालं. मीठ विरघळवून परत मीठ करण्यासारखंच. हा भौतिक बदल म्हणून सोडून द्या. उकडलेलं अंडं कच्चं करून दाखवा, मग मी मानतो.

टोरांटो_टवाळ

शंकासुर, तुमचं दुर्दैव. २०१५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात युरिया घालून तो पातळ केला, मग एका वेगाने फिरणाऱ्या नळीत घुसळून त्यातलं एक प्रथिन पुन्हा पहिल्यासारखं घडीत बसवलं. त्यांना इग्नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं बक्षीस) मिळालं त्या वर्षी. अर्थात त्यातून पिल्लू निघणार नाही आणि ऑम्लेटही होणार नाही, पण 'अशक्य' म्हणायची सोय गेली.

इथे हिवाळ्यात हात शेकायच्या दोन प्रकारच्या पिशव्या मिळतात. एकीत लोखंडाची भुकटी असते, हवा लागली की गंजते आणि काही तास गरम राहते, मग कचऱ्यात. दुसरीत सोडियम अ‍ॅसिटेटचं दाट पाणी असतं, आतली धातूची चकती टक् केली की डोळ्यासमोर सगळं गोठतं आणि पिशवी ऊबदार होते. ही उकळत्या पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ, पुन्हा तयार. बायको दुसरीच घेते. मी चकतीशी खेळत बसतो म्हणून बोलणी खातो.

शंकासुर

पिशवीतलं गोठणं रासायनिक नाहीच. आणि अंड्याचं मान्य, पण ते प्रयोगशाळेत. मोरचुदाचं उत्तर कुणी दिलं नाही.

खडूफळा

पिशवीचं तुमचं म्हणणं बरोबर. मोरचुदाचं अर्धं बरोबर. तिथे तांब्याच्या अणूभोवतीचे बंध बदलतात, रंग त्यामुळेच जातो, म्हणून मी त्याला रासायनिकच म्हणेन. पण वाद नको, निर्विवाद उदाहरण घ्या: चुना. बागाइतदारांनी आयतं ताटात वाढलंय.

चुनखडी भट्टीत भाजली की कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) उडतो आणि कळीचा चुना उरतो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीला १७८ किलोज्यूल लागतात, मिळतो ५६ ग्रॅम चुना. त्यावर पाणी घातलं की विरतो आणि ६५ किलोज्यूल बाहेर पडतात, हीच ती रटरट. हा विरलेला चुना वाळूत कालवून भिंतीत घातला की हवेतला कर्बवायू शोषून सावकाश पुन्हा चुनखडी होतो, आणि त्यात ११३ किलोज्यूल सुटतात. घाणीवर मळलेल्या चुन्याच्या जुन्या किल्ल्यांच्या भिंती म्हणजे एका अर्थाने परत आलेली चुनखडी.

आता ६५ आणि ११३ ची बेरीज करा.

पितळी_डबा

१७८! अंगावर काटा आला. म्हणजे भट्टीत जेवढं घातलं तेवढं काही घमेल्यात, उरलेलं भिंतीत?

खडूफळा

अगदी तेच. भिंतीतलं वर्षानुवर्षं इतकं हळू सुटतं की कुणाला जाणवत नाही. टप्पे कितीही पाडा, बेरीज बदलत नाही. जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये रशियात हा नियम मांडला. फळ्यावर 'हेसचा नियम' लिहिला की मुलं जांभया द्यायची, चुन्याने सांगितलं की माना वर व्हायच्या.

एक मात्र खरं, हा हिशेब पदार्थांचा आहे, लाकूड-कोळशाचा नाही. प्रत्यक्ष भट्टीत याहून बरंच जास्त जाळावं लागतं, कारण दगड, भिंती, धूर सगळंच तापतं.

इतिहासवेडा

लाल रेघ मारणाऱ्या बाई एकट्या नाहीत. अठराव्या शतकातले बडे रसायनशास्त्रज्ञही असंच मानत. १७१८ मध्ये झोफ्रवाने कोणता पदार्थ कोणाकडे ओढला जातो त्याचे तक्ते केले होते. त्या तक्त्यांच्या विचारात ओढ एकाच दिशेची, उलटं जाणं नाही. मग नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोले गेला. तिथल्या नात्रोन तळ्यांच्या काठी त्याने सोड्याचे थर बघितले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले की मीठ आणि चुनखडी होते. तळ्याकाठी नेमकं उलटं चाललेलं, मीठ आणि चुनखडी भरमसाठ असल्यामुळे सोडा तयार होतोय! १८०३ च्या ग्रंथात त्याने मांडलं की किती पदार्थ आहे यावरही दिशा ठरते.

आपल्या लोणारलाही पूर्वी तळ्यातून सोडा काढायचे, तो किस्सा यातलाच असणार.

खडूफळा

बर्थोलेचं झकास. लोणारला मात्र ओढू नका, तिथे बेसाल्टचा खडक आहे, चुनखडीचे थर नाहीत. इजिप्तची गोष्ट जशीच्या तशी तिथे बसत नाही.

पितळी_डबा

माझी एक आठवण. लहानपणी वाड्याच्या दारात कल्हईवाला यायचा. खड्डा खणून भाता लावायचा, पातेलं सांडशीत धरून तापवायचा, मग नवसागराची चिमूट टाकायचा. भस्सकन पांढरा धूर! कथलाची कांडी टेकवली की चकाकी कापसाच्या बोळ्याबरोबर पातेलंभर पळायची. आम्ही पोरं त्या धुरासाठीच उभी राहायचो, नाक चुरचुरायचं तरी. आणि नंतर भात्याच्या आसपासच्या दगडावर पांढरी राख बसलेली दिसायची. आजी म्हणायची, तो नवसागरच आहे, गेला आणि आला. हे तिला कसं कळलं असेल? चाटून बघितलं असणार, तिचा भरवसा नव्हता.

यातही जाणं-येणं आहे का मास्तर?

खडूफळा

आजींना माझा दंडवत. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापला की त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. हे आम्ल तांब्यावरचा काळा थर खातं, म्हणून कथील धरतं. उरलेले दोन्ही वायू जरा थंड हवेत आले की पुन्हा एकमेकांना धरतात आणि नवसागराचे बारीक कण होतात. तुम्ही बघत होता तो पांढरा धूर म्हणजे परतीच्या वाटेवरचा नवसागर. दोन्ही दिशा चार फुटांच्या आत.

तासगावकर_बाग

माझी अडचण वेगळीच. मास्तर उताराचा रस्ता म्हणाले, मी धरलं उष्णता सुटते तो उतार. मग युरिया पाण्यात टाकला की टाकी गार पडते ती का? फवारणीच्या आधी कालवताना हाताला बर्फ लागल्यासारखं होतं. तो तर उष्णता घेतोय, तरी आपणहून विरघळतोय. चढावर गाडी आपोआप कशी चालते?

शंकासुर

हाच माझाही प्रश्न. तासगावकरांनी जास्त सोप्या शब्दांत विचारला, जळलो.

खडूफळा

या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात मोठमोठे लोक घसरले. उष्णता सुटते तीच दिशा खरी, असं बर्थेलो आणि थॉमसेन ठामपणे सांगत होते. (हा बर्थेलो, वरचा बर्थोले वेगळा. फ्रेंचांनी आमची परीक्षाच घ्यायची ठरवलेली.) तुमच्या युरियाच्या टाकीने त्यांना खोटं पाडलं असतं.

दिशा ठरवणाऱ्या गोष्टी दोन: उष्णता किती सुटते, आणि पदार्थ किती मोकळा पसरतो. युरियाचे रेणू खड्यात जखडलेले असतात, पाण्यात मोकळे फिरतात. त्या मोकळेपणाची ओढ एवढी की जवळच्या पाण्याकडून उष्णता घेऊनही ते सुटतात. आणि तापमान जितकं जास्त तितकं या मोकळेपणाला वजन जास्त.

आता माझं आवडतं उदाहरण. चुनखडी फोडायला मोलाला १७८ किलोज्यूल. नवसागर फोडायला १७६. जवळजवळ सारखेच! मग दोन्हींना सारखीच आच लागायला हवी ना? पण नवसागर ३४० अंशांच्या आसपास पुरता उडतो, कल्हईवाल्याच्या भात्यावर. चुनखडीला ९०० अंशांच्या जवळ न्यावं लागतं, त्यासाठी भट्टी बांधावी लागते.

फरक एवढाच, की चुनखडीतून एकच वायू सुटतो, चुना दगडासारखा मागेच राहतो. नवसागरातून दोन वायू सुटतात, मागे काहीच राहत नाही. मोकळेपणा जवळपास दुप्पट. त्याचं माप चुनखडीला १६० आणि नवसागराला २८५ ज्यूल दर अंशाला. उष्णता आणि मोकळेपणा कुठल्या तापमानाला बरोबरीत येतात ते काढायला १,७८,००० ज्यूलला १६० ने भागा आणि १,७६,००० ला २८५ ने. येणाऱ्या आकड्यांतून २७३ वजा केले की अंश सेल्सिअसमध्ये उत्तर. लेकीला करायला द्या.

दहावीची_आई

केलं! चुनखडी ८३९, नवसागर ३४४. पहिल्यात थोडा फरक पडला, दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. ती आता गणिताच्या वहीत हेच करत बसलीये, उद्या भूमितीचा पेपर आहे.

खडूफळा

८३९ आणि ९०० मधला फरक म्हणजे हे दोन्ही आकडे नेहमीच्या तापमानाचे आहेत, भट्टीत ते थोडे बदलतात. आता भूमिती करायला सांगा.

आणि बाईंच्या बाजूचं. चुनखडी बंद भांड्यात तापवली तर कर्बवायू कोंडतो आणि अभिक्रिया अडते, जितका फुटतो तितका परत जोडतो, यालाच समतोल म्हणतात. एडिनबर्गच्या सर जेम्स हॉल यांनी १८०० च्या सुमारास खडूची भुकटी बंदुकीच्या नळीत ठासून, तोंड बंद करून तापवली. चुना होण्याऐवजी आत संगमरवरासारखा कठीण दगड मिळाला. नळ्या फुटायच्याही, पण माणूस थांबला नाही. उघड्या भट्टीत मात्र वारा कर्बवायू घेऊन जातो, परतायला कुणी उरतच नाही. उघड्या परीक्षानळीत वायू सुटणारा बदल अपरिवर्तनीय *दिसतो*, आणि शाळेतले बहुतेक प्रयोग उघड्या नळीतले. बाईंचा नियम तिथून आलाय. नियम 'बहुधा' म्हणून शिकवला असता तर तंटाच नव्हता, आणि लेकीने तोच शब्द लिहिला होता.

लूपमधला

उशिरा आलो. अमोनियाच्या प्लांटमध्ये आयुष्य गेलं, तेव्हा दोन शब्द.

नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करताना उष्णता सुटते, दोन मोलांमागे ९२ किलोज्यूल. म्हणजे थंडीत जास्त अमोनिया व्हायला हवा. होईलही, पण इतका हळू की पगार निघायचा नाही. तापवलं तर वेग वाढतो, पण झालेला अमोनिया परत फुटायला लागतो. म्हणून मधला मार्ग: ४०० ते ५०० अंश, दीड-दोनशे वातावरणांचा दाब आणि लोखंडाचा कॅटॅलिस्ट. नवीन पोरांना वाटतं कॅटॅलिस्ट अमोनिया जास्त करतो. नाही. तो दोन्ही दिशांना सारखाच पळवतो, फक्त समतोल लवकर येतो. अमोनिया फोडून हायड्रोजन मिळवणारे क्रॅकर असतात, तिथेही कॅटॅलिस्टच लागतो.

एका फेरीत कन्व्हर्टरमधून साधारण पंधरा टक्केच वायूचा अमोनिया होतो. बाकीचं? गार करून अमोनिया द्रवरूपात काढून घ्यायचा आणि उरलेला वायू पुन्हा आत. याला लूप म्हणतात, माझं नाव तिथून. मास्तरांनी वारा कर्बवायू घेऊन जातो म्हटलं, आम्ही इथे अमोनिया घेऊन जातो. समतोलाला कधी बसूच द्यायचं नाही. हाबरने १९०९ मध्ये हे टेबलावर करून दाखवलं, बॉशने १९१३ मध्ये ओपाऊला कारखाना चालू केला. त्याआधी १९०१ मध्ये खुद्द ल शातलिएने प्रयत्न केला होता, स्फोट झाला आणि त्याने नाद सोडला. ज्याच्या नावाचा समतोलाचा नियम आम्ही वापरतो तोच!

आणि सुटलेली उष्णता वाया घालवत नाही, तिच्यावर वाफ करतो.

बॅटरीवाला_भाऊ

मास्तरांनी बॅटरीची आठवण काढली म्हणून आलो. माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे.

शिशाच्या बॅटरीत एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची, मध्ये गंधकाचं आम्ल. वीज घेताना दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं आणि आम्ल पाणचट होतं. म्हणून आम्ही ग्रॅव्हिटी (आम्लाचं दाटपण, पाणी १००० धरून) बघतो, भरलेल्या बॅटरीत १२४०-१२५०, उतरली की खाली. चार्जिंगला लावली की सगळं उलटं. विळ्यावरचं तांबं वीज घातल्याशिवाय परत जात नाही म्हणाले ना, हे तेच.

पण गिऱ्हाईक गावाला जातं आणि उतरलेली बॅटरी दोन-दोन महिने तशीच ठेवतं. मग ते सल्फेट कडक खड्यांचं होतं, वीज घातली तरी सुटत नाही. कागदावर अभिक्रिया तीच, पण बॅटरी मेली. मग माझ्याशी भांडतात. आणि हो, जेवढी वीज घालाल तेवढी परत कधीच मिळत नाही, चार्ज होताना बॅटरीला हात लावून बघा, कोमट लागते. तिथे गेली.

शंकासुर

हे पटलं. परत फिरण्यासारखी अभिक्रियाही वेळेवर फिरवली नाही तर फिरत नाही. मी मोरचुदावरचा आक्षेप मागे घेतो. (आक्षेप परिवर्तनीय आहे.)

दहावीची_आई

अपडेट. बाईंना भेटले. मोरचुदाचं सांगितलं, त्या हसल्या, म्हणाल्या शाळेत करून दाखवायला लावते तिला. मार्काचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

रविवारी चुन्याचा प्रयोग केला. स्टीलची बादली, गॉगल, लांब दांड्याचा डाव, लहान भावाला लांब बसवलेलं. ५ लिटर पाणी, त्यात अर्धा किलो कळीचा चुना थोडा थोडा सोडला. लेकीने आधीच हिशेब मांडला होता: अर्धा किलो म्हणजे साधारण ९ मोल, गुणिले ६५, म्हणजे ५८० किलोज्यूल, बादली आणि चुना धरून पाणी २६ अंशांनी तापायला हवं. प्रत्यक्षात २६ वरून ४१ वर गेलं आणि थांबलं. पंधराच अंश! ढवळलं, वाट बघितली, नाहीच. ती रडवेली. हिशेब चुकला की थर्मामीटर?

खडूफळा

हिशेब बरोबर आहे. थोडी उष्णता वाफेने आणि बादलीच्या बाजूने गेली असेल, पण अकरा अंश नाही. चुना खडे होता की भुकटी जास्त होती?

दहावीची_आई

निम्मी भुकटीच होती. दुकानातल्या उघड्या पोत्यातून दिला.

तासगावकर_बाग

झालं मग. पोत्यातच मेलेला चुना. पावसाळ्याची हवा लागली की आपणच विरतो, फक्की होते. तुमची उष्णता त्या दुकानात केव्हाच निघून गेली, पैसे मात्र पूर्ण घेतले.

आम्हालाही असा चुना येतो, बोर्डोला वजन १ किलो घालतो आणि विळ्यावर तांबं चढतं, मग परत चुना घालत बसा. आजवर मुठीत घेऊन, चुरून अंदाज करत होतो. आता ऑक्टोबर छाटणीला पोतं घ्यायच्या आधी बादली आणि थर्मामीटर घेऊनच दुकानात जातो. ताई, तुमच्या लेकीला विचारा, पाव किलो आणि अडीच लिटरला किती अंश चढायला पाहिजेत?

दहावीची_आई

ती म्हणते, 'काका, तेवढेच २६. दोन्ही निम्मं केलंय ना. पण बादली लहान घ्या.'